पायरीवरचा खळगा

आम्ही न्यू जर्सीत राहायला आलो त्या वर्षी कुणी मला विचारलं असतं की दिवसभर काय करतेस, तर खरं उत्तर एकच होतं, चुका काढते. दुसरं काही करायला परवानगी नव्हती. नवऱ्याचा व्हिसा कामाचा आणि माझा त्याच्या बायकोचा. मिरजेत मी आठ वर्षं शाळेत मराठी शिकवलं होतं. वह्या तपासायची सवय हाताला लागलेली, आणि आता समोर वह्याच नाहीत. मग मी इंडियन स्टोअरमधल्या पाट्या तपासायची, मंडळाच्या गणपतीच्या ईमेलमधलं शुद्धलेखन तपासायची, नवरा फोनवर त्याच्या आईशी बोलताना काय चुकीचं बोलला ते फोन ठेवल्यावर सांगायची. तो गरीब माणूस, हसून सोडून द्यायचा.

ते दगडी घर आमच्या अपार्टमेंटपासून चालत दहा मिनिटांवर होतं. एका बाजूला पेट्रोल पंप, दुसऱ्या बाजूला दातांच्या डॉक्टरांचं ऑफिस आणि मध्ये हे बुटकं, जाड भिंतींचं शेतकऱ्याचं घर. अमेरिकेच्या इंग्रजांविरुद्धच्या लढाईत एका हिवाळ्यात काही आठवडे इथं सैन्याचं मुख्य ठाणं होतं. सेनापती पुढच्या खोलीत झोपले, त्यांचे अधिकारी माडीवर, आणि नकाशे पसरायला घरातलं जेवणाचं टेबल घेतलं. एवढ्या पुण्याईवर ते घर टिकलं होतं. शनिवार-रविवारी ते बघायला उघडं असायचं.

मी तिथं पहिल्यांदा गेले ती इतिहासाच्या ओढीने नाही. सहा वर्षांच्या लेकीला रस्त्यात शू लागली म्हणून गेले. घरात बाथरूम नव्हतंच, अंगणात एक प्लास्टिकची खोली उभी केलेली होती. ते काम उरकल्यावर दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आत यायला सांगितलं, आणि नुसतं वापरून निघून जाणं बरं दिसेना म्हणून मी आत शिरले.

ते तिथले मार्गदर्शक. शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले, बायको वारलेली, पगार न घेता वीस-बावीस वर्षं हे घर दाखवत होते. मला नावाने हाक मार म्हणायचे. वडिलांच्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना, आणि इंग्रजीत काका म्हणायची सोय नाही, त्यामुळे दोन वर्षं मी त्यांना कशानेच हाक मारली नाही. नुसतं समोर जाऊन उभी राहायची. लेक मात्र पहिल्या दिवसापासून आजोबा म्हणायला लागली. आपल्या हुद्द्यालाच आमच्या भाषेत तसं म्हणतात अशी त्यांची बरेच दिवस समजूत होती.

आम्ही दर शनिवारी जायला लागलो. नवऱ्याला सुट्टीच्या दिवशी झोपायचं असायचं, आणि मला कुणीतरी बोलायला हवं होतं. माझं इंग्रजी पुस्तकी, दुकानात गेलं की अडखळायचं. त्यांच्यापुढे मात्र ते चालायचं. ते माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायचे, मध्ये शब्द पुरवायचे नाहीत. परक्या भाषेत बोलणाऱ्यालाच कळतं ही केवढी मोठी गोष्ट आहे.

पुढच्या खोल्या झाल्या की ते लोकांना मागच्या स्वयंपाकघरात न्यायचे. घराला मागून चिकटलेली ती एक बैठी खोली. सैन्य आलं तेव्हा घरमालक, त्याची बायको आणि मुलं सगळी तिथं कोंबली गेली. त्यांच्याबरोबर एक गुलाम बाई होती. मालक मेल्यावर त्याच्या चीजवस्तूंची यादी झाली, तिच्यात गायी, तांब्याची भांडी, गाद्या आणि मग 'एक काळी बाई' अशी नोंद होती. नाव नव्हतं. हे सांगताना आजोबांचा आवाज बारीक व्हायचा. मग ते सगळ्यांना मागच्या दाराशी बोलवायचे आणि दगडी पायरी दाखवायचे. पायरीच्या एका कडेला लांबट, उथळ, गुळगुळीत खळगा होता. ते म्हणायचे, इथं पहाऱ्यावरचे सैनिक आपल्या संगिनी पाजळायचे. लहान मुलं लगेच खाली वाकून त्यात बोटं घालायची. सगळ्या घरात लोकांना आवडायचं ते हेच.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी मी तोंड उघडलं. लोक निघून गेले होते. मी म्हणाले, हे संगिनींचं नाही. हे सुरीचं आहे.

त्यांनी विचारलं, कशावरून?

मी त्यांना बसूनच दाखवलं. उंबऱ्यावर आतल्या बाजूला बसायचं, दार अर्धं लोटून घ्यायचं, उजवा हात सहज खाली सोडायचा. हात बरोबर त्या खळग्यावर येतो. आमच्या मिरजेच्या घरी मागच्या दाराची पायरी अशीच झिजलेली होती. सुरण नाहीतर लाल भोपळा चिरायचा असला की आई पायरीवर चार थेंब पाणी टाकायची आणि सुरीचं पातं आडवं धरून घासायची. तिच्याआधी तिची सासू घासायची. उभ्या माणसाचा हात तिथं पोचत नाही. सैनिक पहाऱ्यावर असताना उंबऱ्यावर फतकल मारून बसेल कशाला? हे बायकांचं काम आहे, आणि दोन-चार आठवड्यांचं नाही, आयुष्यभराचं आहे.

आपल्याकडे याला अक्कल पाजळणं म्हणतात. माझी चांगली लखलखत होती त्या दिवशी.

 ते गुडघे धरत हळूच उंबऱ्यावर बसले आणि हात सोडून बघितला. म्हणाले, "संगिनीला धार नसतेच. तिला नुसतं टोक असतं. मला हे माहीत होतं आणि तरी मी वीस वर्षं सांगत आलो." रागावले नव्हते. मी वर्गात एखाद्या हुशार पोराची चूक काढल्यावर ते जसं गप्प व्हायचं तसे झाले होते, आणि मला त्याचा आनंद झाला होता. तो आनंद आठवला की आज मला लाज वाटते.

पुढच्या शनिवारपासून त्यांनी सांगायचं बदललं. प्रत्येक घोळक्याला ते म्हणायचे, मी इतकी वर्षं तुम्हा लोकांना चुकीचं सांगितलं, भारतातून आलेल्या एका बाईंनी मला दाखवून दिलं. मी तिथं असले तर माझ्याकडे हात करायचे. मग ते त्या नाव नसलेल्या बाईबद्दल बोलायचे. पुढच्या खोलीत सेनापतींच्या नावाची पाटी आहे, ते इथं काही आठवडे राहिले. ही बाई जन्मभर राहिली, आणि तिच्या हाताची खूण कुठं असेलच तर ती एवढीच. लोक ऐकायचे, माना हलवायचे. खरं सांगायचं तर पूर्वीसारखं खाली वाकून बोटं घालायला कुणी जात नव्हतं. एका मुलाने तर सरळ विचारलं, मग संगिनी कुठायत?

असं वर्ष-दीड वर्ष गेलं. दोन हजार पाच साली टाउनशिपने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, घराची डागडुजी काढली. सहलीच्या पिवळ्या बसना उभं राहायला जागा नव्हती, बस रस्त्यातच थांबायच्या, मागे गाड्या तुंबायच्या. तेव्हा मागचं स्वयंपाकघर पाडून तिथं बस वळवायला जागा करायची असं ठरत होतं. घर बघायला माणसं यावीत म्हणून घराचाच तुकडा पाडायचा. एका तज्ज्ञाकडून अहवाल मागवला होता. आजोबांनी त्याची प्रत मला वाचायला दिली. पुढच्या खोल्या लष्करी इतिहासाच्या दृष्टीने मोलाच्या, त्यांना हात लावू नये. स्वयंपाकघरात वेळोवेळी बदल झालेले, सैन्याशी त्याचा संबंध दाखवणारा पुरावा नाही. पायरीवर संगिनींच्या खुणा आहेत असं पूर्वी सांगितलं जाई, पण ती दंतकथा असल्याचं खुद्द मार्गदर्शकानेच आता मान्य केलं आहे.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. मी चूक काढली नसती तर हे वाक्य लिहिता आलं नसतं. संगिनीची थाप त्या खोलीला सांभाळून होती. मी ती काढून घेतली होती.

आजोबांच्या तोंडून त्याबद्दल एक शब्द आला नाही. ते एवढंच म्हणाले, "सोमवारी टाउनशिपची सभा आहे. गावातल्या कुणालाही उठून बोलता येतं. माझं बोलणं त्यांना पाठ झालंय, मी उभा राहिलो की ते घड्याळाकडे बघतात. तू ये. मला दाखवलंस तसं त्यांना दाखव. तुझ्या आईची पायरी सांग. त्यांनी ते ऐकलं तर ती खोली त्यांना दिसेल. येशील?"

मी म्हणाले, "आय विल सी टू इट."

हे नीट सांगायला हवं. माझ्या मनात शब्द आला होता तो 'बघते'. आपल्यात कुणी सत्यनारायणाला बोलावलं आणि आपण 'बघते हं' म्हणालो, की बोलावणाऱ्या बाईला कळतं. ती आपलं पान धरत नाही. नाही म्हणायचा दुष्टपणा नको आणि हो म्हणायचं बंधन नको, म्हणून हा शब्द आहे, आणि दोन्ही बाजूंना तो पुरतो. नुसतं 'आय विल सी' मला तुटक वाटलं, समोर वडीलधारा माणूस. टीव्हीवर कुणीतरी अदबीने बोलताना हे लांब वाक्य ऐकलं होतं, ते मला जास्त मऊ वाटलं. म्हणून मी ते म्हणाले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. मला जरा नवल वाटलं, आपण तर काहीच कबूल केलं नाही.

सोमवारी संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. तो नुकताच ऑफिसातून आला होता, बूट काढत होता.

"माईकवर बोलायचं? तू?"

"गावातल्या कुणालाही बोलता येतं म्हणाले."

"अगं, माईकवर आधी नाव आणि पत्ता सांगावा लागतो. ते रेकॉर्डवर जातं. आपली ग्रीन कार्डची फाईल पेंडिंग आहे. हर्नडनचा माझा मित्र माहितेय ना, त्याची फाईल नुसत्या नावाच्या चौकशीत, त्या नेम-चेकमध्ये अडकून बसलीय. कशाला उगाच लफडं, यार."

"पायरीबद्दल बोलल्याने फाईल अडकते?"

"नसेलही अडकत. मी नको म्हणत नाहीये. तुझं तू डिसाइड कर. जायचं असेल तर मी ड्रॉप करतो."

पुढे कित्येक वर्षं मी मैत्रिणींना सांगत आले की व्हिसाच्या भीतीने गेले नाही. ऐकणाऱ्याला ते लगेच पटायचं, त्या दिवसांत आम्ही सगळेच सावलीला भीत होतो. पण नवरा सोडायला तयार होता, हे मी कुणाला सांगितलं नाही. माझी भीती निराळीच होती. मला दिसत होतं की मी उभी राहीन, नऊ-दहा गोरी माणसं माझ्याकडे बघतील, आणि माझं वाक्य मध्येच अडेल. सुरण म्हणजे काय हे त्यांना इंग्रजीत कसं सांगायचं इथपासून तयारी. दुसऱ्यांच्या चुका काढत जगलेली बाई मी, सगळ्यांसमोर माझीच चूक निघाली असती. तेवढं मला सोसवलं नसतं. म्हणून गेले नाही. सभा सातला होती. सव्वासातला मी लेकीला सातचा पाढा म्हणायला लावला आणि कुकर लावला.

दोन आठवड्यांनी चिवड्याचा डबा घेऊन मी त्या घरी गेले. त्या शनिवारी तिथं कुणी आलेलं नव्हतं. आजोबा पुढच्या खोलीतल्या टेबलावर फडकं मारत होते. मला बघून म्हणाले, "मुलगी बरी आहे ना?"

मला आधी कळेना. मग लक्षात आलं. मी न येण्याचं काहीतरी कारण त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं होतं. मी म्हणाले, हो, आता बरी आहे, ताप होता. ते म्हणाले, मुलं तापाने फार दमतात, तिला सूप देत जा. डबा घेतला, उघडून वास घेतला, माझे आभार मानले. सभेत काय झालं ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

वसंतात स्वयंपाकघर पाडलं. मी ते बघायला गेले नाही. त्या रस्त्याने जायचं टाळून तीन महिने मी वाणसामानाला लांबच्या दुकानात जात होते. त्या उन्हाळ्यात आजोबा फ्लोरिडाला मुलीकडे राहायला गेले, हे मला त्यांच्या जागी आलेल्या तरुण मुलीने सांगितलं. मी त्यांचा पत्ता मागून घेतला. पत्र लिहायला तीनदा बसले, आणि तिन्ही वेळा सुरुवातीलाच अडले. काय म्हणून हाक मारायची तेच ठरलं नाही. नंतर लिहिता येईल म्हणून राहिलं. वर्षभराने त्या मुलीकडून कळलं की ते गेले. हाक नसती तर नसती, नुसतं 'माफ करा' एवढं लिहून पाठवलं असतं तरी चाललं असतं. पण मला पत्र बिनचूक हवं होतं.

दोन हजार आठ साली आमचं ग्रीन कार्ड आलं. त्याच वर्षी आम्ही छोटंसं घर घेतलं, आणि मागे कुंपण घालायची परवानगी काढायला मी टाउनशिपच्या ऑफिसात गेले. लेक बरोबर होती, अकरा वर्षांची. माझ्या इंग्रजीवर तिचा विश्वास नव्हता. आमचा कागद होईपर्यंत बाकावर बसायला सांगितलं. बाकाशेजारच्या कपाटात जुन्या सभांच्या इतिवृत्तांच्या फायली वर्षवार लावलेल्या होत्या, कुणालाही वाचायला. मी दोन हजार पाचची काढली. का काढली ते मला माहीत होतं.

तो सोमवार सापडायला वेळ लागला नाही. दगडी घराचा विषय यादीत दुसरा होता. त्यापुढे लिहिलं होतं, मार्गदर्शकांच्या विनंतीवरून हा विषय शेवटी घेण्यात आला. एक रहिवासी बोलायला येणार असून त्या अजून पोचलेल्या नाहीत असं त्यांनी सांगितलं.

लेक माझ्या खांद्यावरून वाचत होती. ती माझ्यापेक्षा भराभर वाचते. पुढच्या ओळीवर तिने बोट ठेवलं. अध्यक्षांनी विचारलं, त्या नक्की येणार आहेत का. मार्गदर्शक म्हणाले, तिने मला शब्द दिला आहे, ती म्हणाली, आय विल सी टू इट.

"आई, इज दॅट यू?"

"हो. पण मी म्हटलं होतं की बघते. जमलं तर बघते."

"नो, आई." ती हसली नाही. "दॅट्स नॉट व्हॉट इट मीन्स. इट मीन्स यू'ल मेक शुअर इट हॅपन्स. इट्स लाइक अ प्रॉमिस."

 तीन वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की निदान हो तरी म्हणाले नव्हते.

पुढे वाचलं. बाकीचे विषय संपले. स्वयंपाकघराचा विषय निघाला. रहिवासी आलेल्या नव्हत्या. अध्यक्षांनी मार्गदर्शकांना विचारलं, त्यांचं म्हणणं तुम्हाला माहीत आहे, तर तुम्हीच सांगता का? मार्गदर्शकांनी नकार दिला. ते म्हणाले, ते तिचं आहे. मी सांगितलं तर ती आणखी एक माझी गोष्ट होईल, आणि माझ्या गोष्टी तुम्ही बऱ्याच ऐकल्यात. त्यांनी दहा मिनिटं आणखी थांबायची विनंती केली, ती मान्य झाली. ते दाराशी जाऊन उभे राहिले, अशी नोंद आहे. लिहिणाऱ्याला ते लिहावंसं का वाटलं कुणास ठाऊक. मग ते परत येऊन बसले, आणि म्हणाले, तिला लहान मुलगी आहे, ती आजारी पडली असणार, नाहीतर ती आलीच असती. त्यानंतर ठराव मताला टाकला आणि मंजूर झाला.

लेकीने पान उलटून मागे काही आहे का बघितलं. मागे दुसरी सभा होती.

"वॉज आय सिक?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "तू बरी होतीस."